युरिक ॲसिडसाठी कॅप्सूल घेताय? एका वेळी एकच प्रकार घ्या

युरिक ॲसिड वाढलेलं दिसलं की चेरीचा अर्क, क्वेरसेटिन (कांदा-सफरचंदात असणारा एक घटक), व्हिटॅमिन सी सगळं एकदम सुरू होतं. मग आकडा हलला तरी कशामुळे हलला, ते कळत नाही. तीन डब्या संपवल्यावर मला हे सुचलं:

१. आधी रक्त तपासा, पण पायाचा अंगठा सुजून ठणकत असताना नको. गाऊटच्या (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजाराच्या) झटक्यात आकडा चक्क नॉर्मलही येतो. दुखणं थांबल्यावर २ आठवडे जाऊ द्या.

२. एकच गोष्ट निवडा. बाकी खाणंपिणं आहे तसंच ठेवा.

३. ८ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. फरक नसेल तर ती डबी बंद.

अपेक्षा मात्र बेताचीच ठेवा. रोज ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी घेतलं तरी घट साधारण अर्ध्या अंकाची, म्हणजे ८ चे साडेसात. गाऊटमध्ये आकडा ६ च्या खाली हवा असतो, तिथवर एकटी कॅप्सूल पोचवत नाही.

चेरीचा ज्यूस घेणार असाल तर बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. साखर किंवा फ्रुक्टोज घातलं असेल तर परत ठेवा. फ्रुक्टोजनं युरिक ॲसिड उलट वाढतं. (मी महिनाभर तेच पीत होतो!)

दोन गोष्टी जपा: डॉक्टरांनी दिलेली ॲलोप्युरिनॉलसारखी युरिक ॲसिड कमी करणारी गोळी या प्रयोगापायी बंद करू नका. आणि मुतखडा होऊन गेला असेल तर व्हिटॅमिन सीची कॅप्सूल त्यांना विचारल्याशिवाय नको.