५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं, तर काय करावं?

तिसरी-चौथीच्या वहीत हे उत्तर हमखास सापडतं. लाल फुली मारायच्या आधी लेकराला विचारा, "कसं केलंस, सांग बरं." बहुतेक जण सांगतील, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." म्हणजे विचार केलाय त्यानं. फक्त ५२ मधल्या पाचाला तो नुसता पाच समजतो. त्यात पन्नास दडलेत हे त्याला दिसत नाही.

ते हातात द्यावं लागतं. या वयात वस्तू हाताळल्याशिवाय आकडा पटत नाही. तुरीची रास झाली की शेतातल्या आखाड्यावर तुराट्यांचा ढीग पडलेला असतो. त्यातल्या बारीक काड्या बोटभर तोडा, दहा-दहाच्या जुड्या रबरानं बांधा. पाच जुड्या नि दोन सुट्या काड्या लेकरापुढे ठेवून सत्तावीस मागा. दोन जुड्या लगेच मिळतील. पुढच्या सात काड्यांना ते अडेल. इथं तुम्ही गप्प बसायचं. फार जड जातं हे, पण रबर त्याच्याच हातानं निघालं पाहिजे.

जुडी सुटली की लगेच वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहू द्या. "हातचा घे" हे शब्द त्यानंतर.

कुणी ५२ ऐकून २५ लिहीत असेल, तर रागावू नका. 'बावन्न' म्हणताना दोन आधी कानावर येतात, पन्नास मागून. काही दिवस सोबत 'पन्नास दोन' असंही म्हणून घ्या.

शून्याचं गणित, म्हणजे ३०२ वजा १४७, आठवडाभरानं घ्या. दहा जुड्यांचा एक भारा बांधा. आधी भारा सोडायचा, मग त्यातली एक जुडी.

ऊसतोडीवरून उन्हाळ्याच्या तोंडाशी परतलेल्या लेकराला मात्र जुड्यांपासून सुरुवात नको. कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत राहताना दुकानात पन्नासची नोट देऊन सत्तावीसचं सामान त्यानं आणलेलं असतं. परत आलेले पैसे ते असे मोजतं: सत्तावीसला तीन, झाले तीस, वर वीस, झाले पन्नास. म्हणजे तेवीस. ही रीत अगदी बरोबर आहे. आधी तीच फळ्यावर त्याला लिहू द्या, सगळ्या वर्गासमोर.