कोल्हापूरची कॅम्परव्हॅन सोलंगच्या बर्फात न्यायची तर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत बांधून घेतलेली कॅम्परव्हॅन एरवी तारकर्लीला जाते, फार तर महाबळेश्वरला. तीच गाडी जानेवारीत मनालीच्या वर सोलंगला, स्कीइंगच्या उताराजवळ उभी करायची असेल तर सुमारे २,२०० किलोमीटरचं अंतर हा त्यातला सोपा भाग. सोलंग २,५०० मीटरच्या वर आहे आणि रात्री पारा उणे पाच-दहापर्यंत उतरतो. माणसांना ऊब देणं जमतं. गाडी अडते ती डिझेल, गॅस, पाणी आणि हवा यांच्यापाशी. या चारही गोष्टी वाहत्या राहायला हव्यात, आणि त्यासाठीचं बहुतेक काम निघण्याच्या महिनाभर आधी कोल्हापुरातच उरकावं लागतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. गाडीच्या मूळ रचनेत केलेला बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय आणि आरसी बुकात नोंद झाल्याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. सीट काढून बेड टाकलेली टेम्पो ट्रॅव्हलर चार राज्यं ओलांडून न्यायची असेल तर ही नोंद हवीच. अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही इथेच येऊन अडकतो.

डिझेल

आपल्याकडच्या डिझेलमध्ये मेण असतं. गारठा वाढला की त्याचे बारीक खडे होतात आणि फिल्टर तुंबतो. भारतीय मानक आयएस १४६० नुसार डिझेल ज्या तापमानाला फिल्टर अडवतं ती मर्यादा उन्हाळ्यात १८ अंश आणि हिवाळ्यात ६ अंश आहे. म्हणजे कोल्हापुरात टाकी फुल्ल करून थेट बर्फात नेलेलं डिझेल पहिल्याच रात्री दगा देऊ शकतं. युरोपात आल्प्सकडे जाणाऱ्यांना ही काळजी कमी असते. जर्मनीत नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पंपावर मिळणारं डिझेल उणे २० अंशांपर्यंत फिल्टरमधून जाईल असंच द्यावं लागतं. आपल्याकडे इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं, पण ते लडाखसारख्या अतिथंड भागांसाठी.

म्हणून हिशेब असा ठेवा की मैदानातलं डिझेल हिमाचलातल्या मंडी गावापर्यंत संपत आलेलं असेल आणि पुढची टाकी कुल्लूच्या खोऱ्यात भरली जाईल. त्या भरण्याआधी टाकीत अँटी-जेल, म्हणजे मेण धरू न देणारं रसायन, ओता, प्रमाण बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. डिझेल गढूळ होण्याआधीच ते मिसळायला हवं, कारण एकदा धरलेलं मेण त्याने विरघळत नाही. जुने ट्रकवाले रॉकेल मिसळायला सांगतील. बीएस-६ इंजिनात ते करू नका. पंप आणि इंजेक्टरला लागणारं वंगण त्याने कमी होतं आणि दुरुस्तीचा आकडा ट्रिपच्या खर्चापेक्षा मोठा निघतो.

सकाळी इंजिन लागलं, मिनिटभर चाललं आणि बंद पडलं, तर फिल्टर उघडून पाहा. कागदी घड्यांवर डालड्यासारखा पांढुरका थर दिसला की समजायचं, मेण धरलंय. गरम पाण्यात पिळलेली फडकी फिल्टरला आणि पाईपला गुंडाळा, दहा-दहा मिनिटांनी बदलत राहा. ब्लो लॅम्प किंवा पेटता बोळा टाकीखाली धरायचा नाही. नवा फिल्टर आणि तो उघडायचा पाना गाडीतच असू द्या.

याच फेरीत कूलंटही तपासून घ्या. आपल्याकडे कमी झालं की साधं पाणी ओतण्याची सवय आहे, त्यामुळे रेडिएटरमध्ये नेमकं काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. सगळं काढून ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठत नाही. युरियाची टाकी असलेल्या गाडीत डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण, उणे ११ ला गोठतं आणि गोठताना फुगतं, म्हणून ती टाकी काठोकाठ भरू नका.

हीटर आणि हवा

रात्रभर चालवायला डिझेलवरचा दोन किलोवॅटचा हवा-हीटरच घ्यावा. जाळण्याची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत फक्त कोरडी गरम हवा देतो. तासाला डिझेल लागतं साधारण पाव लिटरपर्यंत. मात्र सोलंगला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो. डिझेल तेवढंच आणि प्राणवायू कमी, म्हणजे काजळी. १,५०० मीटरच्या वर चालणारी, उंचीनुसार डिझेल कमी करणारी सोय हीटरमध्ये आहे का, हे विकत घेतानाच विचारा. स्वस्त हीटर तिथे दोन-तीन रात्रींत काजळीने भरतात आणि मग पेटतच नाहीत. रात्रभर मंद चालवला तर काजळी आणखी वाढते, म्हणून रोज वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवायचा. बंद करताना बटणानेच बंद करा. मेन स्विच पाडला तर आतला तापलेला भाग पंख्याविना राहतो आणि जळतो.

बसवताना धुराचा पाईप बाहेरच्या टोकाकडे उतरता ठेवा आणि सर्वांत खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक पाडा. नाहीतर धुरातली वाफ पाणी होऊन तिथे साठते, गोठते आणि पाईप बंद करते. टोक खिडकीखाली किंवा हवा आत घेणाऱ्या पाईपजवळ नको. बर्फ पडत असेल तर रात्री एकदा उठून ते मोकळं आहे ना ते पाहावंच लागतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. शेगडी, कोळशाची अंगीठी, उबेसाठी पेटवून ठेवलेला गॅस, यातलं काहीही झोपताना गाडीत नको. खिडकी बोटभर उघडी असली तरी नको. पहाडात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं, आणि पहिल्यांदाच उंचीवर आलेला माणूस ‘विरळ हवेमुळे होतंय’ म्हणून पांघरूण ओढून झोपतो. दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आधी सगळ्यांनी बाहेर या, कारण मग शोधा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपल्यावर डोकं जिथे येतं त्या उंचीवर लावा. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा, आणि तो फरशीलगत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. फरशीतली आणि छतातली जाळी थंडी येते म्हणून बुजवू नका. चार माणसांच्या श्वासातून एका रात्रीत लिटरभर पाणी निघतं. ते जाळीतून गेलं नाही तर छताच्या लोखंडी पट्ट्यांवर जमून पहाटे अंथरुणात टपकतं.

चौकोनी पाईपच्या सांगाड्यावर पत्रा ठोकलेल्या आपल्या बॉडीत हीच खोट असते. पट्ट्यांमधल्या जागेत फोम भरतात आणि पट्टी उघडी राहते. पट्टीवरूनही सलग दहा मिलिमीटरचा नायट्राइल रबर फोम चिकटवून घ्या. पुढच्या काचेला झाकण आतून नव्हे, बाहेरून लावा. आतून लावलं तर झाकण आणि काच यांच्यामध्ये बर्फाचा थर धरतो.

गॅस

आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, ब्युटेन मात्र उणे अर्ध्या अंशालाच थांबतो. आल्प्समध्ये हिवाळ्यात निव्वळ प्रोपेन वापरतात ते यासाठीच. आपल्या सिलिंडरचं काय होतं? आधी प्रोपेन संपतं, मग ज्योत बारीक होते, आणि सिलिंडर हलवला तर आत निम्मं डुचमळत असतं. उपाय बॉडी बांधतानाच करायचा. सिलिंडरचा कप्पा राहत्या भागापासून हवाबंद, तळाला बाहेर उघडणारी जाळी, पण मधल्या भिंतीला फोम नाही. आतली ऊब तेवढी झिरपते. पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो.

२,५०० मीटरवर पाणी ९२ अंशांच्या आतच उकळतं. भात आणि तूरडाळ कुकरमध्येच लावा, दोन शिट्ट्या जास्त धरा. मटणही कुकरमध्येच. उघड्या पातेल्यात तासभर रटरटणाऱ्या तांबड्या रश्श्याची वाफ भिंतींवर बसते. खोबरेल २४ अंशांखाली दगड होतं, तेव्हा दाराच्या रबराला किंवा कुलपाला लावायला ते नेऊ नका. रबराला सिलिकॉन स्प्रे किंवा ग्लिसरीन.

पाणी

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. टाकीत जागा असते, ती सहसा वाचते. फुटतात ते तोटी, पंपाचं डोकं आणि एल्बो, जिथे अर्धा कप पाणी अडकून बसलेलं असतं. टाकी आणि पंप फरशीच्या वर, आतच बसवा आणि पाईप हीटरच्या गरम हवेच्या नळीला लागून न्या. प्रत्येक सखल जागी निचऱ्याचा कॉक हवा. गाडी थंड सोडून दिवसभर स्कीइंगला जायचं असेल तर टाकीचा कॉक बंद करा, सगळ्या तोट्या उघडा, पंप कोरडा होईपर्यंत दहा-पंधरा सेकंद चालवा आणि तोट्या उघड्याच ठेवा.

सांडपाण्याची टाकी गाडीखाली असते, ती गरम ठेवण्याच्या नादाला लागू नका. तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून खाली २० लिटरची बादली ठेवा, तळाशी मूठभर मीठ. बादली गोठली तरी उलटी करून गठ्ठा पाडता येतो. गोठलेला व्हॉल्व्ह मात्र हात लावताच मोडतो. पिण्याचं पाणी दुपारी भरून घ्या, सकाळी तिथले नळही गोठलेले असतात.

वीज

हीटर चालू झाला की एका तासाला दीड अँपिअर-अवर धरा. चौदा तासांचे २१, दिवे-फोन-पंप मिळून आणखी २०. साधी १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, आणि थंड पडली तर त्यातूनही वीस-तीस टक्के जातात. ती पहाटे चारला हीटर बंद पाडणार. १५० ची घ्या किंवा १०० ची लिथियम. लिथियम शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते, म्हणून ती आतल्या उबदार भागातच हवी आणि तिच्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय हवी.

उभं करायचं कुठे

बर्फ पडला की पोलीस बहुतेक वेळा मनाली-सोलंग रस्त्यावरच्या नेहरूकुंडापाशीच गाड्या अडवतात आणि फोर बाय फोरनाच वर सोडतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रॅव्हलरने हवामान बघूनच वर जावं, आणि हिमवृष्टीचा इशारा असेल तर मनालीतच थांबून वर टॅक्सीने जावं. झाडं नसलेल्या उघड्या उताराच्या पायथ्याशी मुक्काम करू नका, तिथून हिमस्खलन येतं.

बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या इंजिन फिरवतं त्या चाकांवर, जोडचाक असेल तर बाहेरच्या चाकावर. कोल्हापुरात घरासमोर दोनदा चढवून उतरवून बघा, हातमोजे घालून. चढवल्यावर शंभर मीटर जाऊन पुन्हा ताणायच्या, ताशी तीसच्या वर जायचं नाही, डांबर दिसलं की काढायच्या. टायरची हवा तिथे पोचल्यावर, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी मोजा.

थांबल्यावर चाकांखाली लाकडी फळ्या सरकवा. गरम टायर बर्फ वितळवतो आणि रात्री त्यातच चिकटून बसतो. हँडब्रेक ओढू नका, ब्रेक शू ड्रमला गोठून धरतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढे-मागे ओंडके लावा. वायपर उचलून ठेवा. छतावर फूटभर ताजा बर्फ साठला तर दहा चौरस मीटरच्या छतावर तीनशे किलोच्या आसपास वजन येतं, ओला असेल तर कितीतरी जास्त. निघण्याआधी तो लाकडी फावड्याने ओढून काढा. पहिल्याच ब्रेकला तो पुढच्या काचेवर घसरतो आणि रस्ता दिसेनासा होतो.