‘दिसतेय का सगळ्यांना?’ : स्क्रीन शेअर करताना या चुका टाळा

“स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?” असं विचारलं की कोणीतरी एकजण “हो, दिसतेय” म्हणतो आणि आपण सुरू होतो. मीही अशीच सुरू व्हायचे. एकदा पाऊण तास एक्सेलमधला खर्चाचा तक्ता समजावला. शेवटी सोलापूरचे सहकारी म्हणाले, “मॅडम, मी एसटीत आहे, मोबाइलवर. स्क्रीन दिसली, आकडे नाही दिसले. तुम्ही ‘हा कॉलम’ म्हणत होतात, तो कुठला तेच कळेना.”

आपल्या मापाने शेअर करणं, ही सगळ्यात मोठी चूक. माझा ४के मॉनिटर ३८४० पिक्सेल रुंद, साधा लॅपटॉप बऱ्याचदा १३६६. पूर्ण स्क्रीन शेअर केली की सगळं तिथे जवळपास एकतृतीयांश रुंदीत कोंबलं जातं. मोबाइलचं तर बोलायलाच नको. म्हणून फक्त ती विंडो शेअर करा, ती मुद्दाम लहान ठेवा आणि कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवत अक्षर दीडपट-पावणेदोनपट करा. न लागणारे कॉलम लपवा. ‘हा’, ‘इथे’ सोडा, ‘डी १४’ (डी कॉलम, चौदावी ओळ) म्हणा. कर्सर गरागरा फिरवण्यापेक्षा त्या सेलवर क्लिक करा, चौकट उठून दिसते. भराभर स्क्रोलही नको: चित्र पलीकडे जरा उशिरा पोहोचतं, तुम्ही तळाशी गेलात तरी लोक मधलीच धुरकट अक्षरं बघत असतात.

खात्री करायची तर स्वतःचा मोबाइलही मीटिंगमध्ये जोडा. त्याचा माइक आणि स्पीकर मात्र बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. घरचे हसतात, पण मी आता दर वेळी हे करते.

पॉवरपॉइंटची गंमत वेगळी. विंडो शेअर करून एफ ५ दाबला की स्लाइड शो बऱ्याचदा दुसऱ्याच विंडोत उघडतो. तुम्ही सातव्या स्लाइडवर, लोक अजून पहिलीवर. ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये ‘ब्राउज्ड बाय ॲन इंडिव्हिज्युअल’ निवडा, आधी शो सुरू करा, मग तीच विंडो शेअर करा.

व्हिडिओ दिसतो पण मुका? झूममध्ये शेअर करतानाच ‘शेअर साउंड’वर टिक करावी लागते. गूगल मीटमध्ये व्हिडिओ क्रोमच्या टॅबमध्ये उघडून तो टॅबच शेअर करा. झूममधलं ‘ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप’ मात्र व्हिडिओ संपला की काढा; ते हालचाल सुरळीत ठेवतं, पण नुसता मजकूर त्यात पुसट होतो.

लोकांना नुसता काळा चौकोन दिसत असेल आणि तुम्ही मॅकवर असाल, तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये त्या ॲपला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्या, ॲप बंद करून पुन्हा उघडा. ब्राउझरची विंडोच काळी असेल तर त्याच्या सेटिंग्जमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवणारी सोय) बंद करून पाहा. नेटफ्लिक्ससारख्या ॲपचा सिनेमा काळा दिसला तर ते कॉपी-संरक्षण आहे, तिथे खटपट करू नका.

राहिली नोटिफिकेशन्स. विंडोच शेअर करत असाल तर ती सहसा पलीकडे जात नाहीत. पण पूर्ण स्क्रीन दाखवणं भागच असेल, तर आधी व्हॉट्सॲप वेब बंद करा आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. ऐन बजेटच्या चर्चेत “येताना कोथिंबीर आण, कालची सडकी होती” हा आईचा मेसेज चौदा जणांनी वाचलाय माझा.