अँबॅसिडरचं ऑइल गळतंय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी या चुका टाळा

जुनी अँबॅसिडर हौसेनं घेतली की महिन्याभरात फोन ठरलेला. "गाडीखाली डाग पडतोय. मिस्त्री म्हणतात मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मी एवढंच विचारतो, इंजिन धुतलंत का? नाही धुतलेलं. कधीच कुणी धुतलेलं नसतं.

इथे लिहितोय ते 1489 सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिनाबद्दल, मार्क 2 ते मार्क 4 मध्ये भेटतं ते. इसुझूचं 1800 सीसी इंजिन बसवलेल्या नंतरच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं.

न धुता निदान करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ऑइल जिथे टपकतं तिथूनच गळतं असं नसतं. गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो, आणि इंजिन मागच्या बाजूला किंचित कललेलं असल्यानं कुठलाही थेंब शेवटी बेलहाउसिंगशीच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या घुमटाशीच जमा होतो. तळाच्या भोकातून ठिबकायला लागला की झालं, "सील गेलं."

गंमत म्हणजे या इंजिनात मागे रबरी सील नसतंच. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला उलटे आटे कापलेले असतात. क्रँक फिरतो तेव्हा ते आटे ऑइल परत आत ढकलतात. म्हणजे बदलायला तिथे काही नाही. असलंच तर बेअरिंग झिजल्यानं वाढलेली फट आहे, आणि ते काम इंजिन खोलण्याचं.

साताऱ्याकडच्या एका गृहस्थांची पांढरी मार्क 4. एका गॅरेजनं गिअरबॉक्स उतरवला, "उतरवलाच आहे तर" म्हणून क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलली, भलंमोठं बिल लावलं. आठवड्याभरात डाग पुन्हा हजर. माझ्याकडे गाडी आली तेव्हा इंजिनावर बोटभर चिखल-ऑइलचा थर होता. म्हणजे इतकं सगळं केलं, पण ब्रश कुणी हातात घेतला नव्हता. रॉकेल आणि जुन्या रंगाच्या ब्रशनं संपूर्ण डावी बाजू घासली, पुसली, रात्रभर वाळू दिली. सकाळी ब्लॉकवर टाल्कम पावडर मारली, इंजिन चालू करून पंधरा मिनिटं ठेवलं. पावडरीवर ओली रेघ उमटली ती मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचे पाइप जोडतात त्या भागाच्या) मागून, मागच्या साइड कव्हरच्या खालच्या कडेनं. तिथून ब्लॉकवरून ओघळत थेट बेलहाउसिंगवर. पॅकिंग काढलं तर ते पापडासारखं हातातच मोडलं. काही रुपयांचं कॉर्क! जुनी क्लच प्लेट बघायला मागितली, तर ती म्हणे भंगारात गेली.

ब्लॉकच्या डाव्या अंगाला अशी दोन साइड कव्हरं असतात, प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट. मॅनिफोल्ड काढल्याशिवाय मागच्या कव्हराला धड हात पोचत नाही, म्हणून मिस्त्री मंडळींना ती "दिसत" नाहीत. माझी पद्धत ठरलेली : मॅनिफोल्ड काढायचंच, तिरका पाना घालून कसरत करायची नाही. कव्हर काचेवर ठेवून बघायचं. मधोमध आवळून आवळून ते वाकलेलं असतं आणि कडा उचललेल्या असतात. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं सरळ करायचं, मगच नवीन कॉर्क.

गळतंय म्हणून आणखी आवळणं

नवशिक्याच्या हातात गोटी पाना आला की तो थांबत नाही. वरच्या टॅपेट कव्हराला दोन नट असतात, खाली रबरी बुश. याच बीएमसी घराण्यातल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये या नटांना आवळायचा जोर 4 फूट-पौंड दिलाय, सिलेंडर हेडला 45 ते 50. म्हणजे कव्हराचं काम बोटांच्या जोरावर आणि वर थोडंसं. जोर लावलात की कॉर्क बाहेर पिळलं जातं, पत्रा वाकतो, आणि पुढचं नवीन पॅकिंगसुद्धा गळतं. बुश कडक झाले असतील तर ते बदला, पाना बदलू नका.

चेंबरचंही, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या पत्र्याच्या भांड्याचंही, तेच. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा आत दबलेला असतो. चेंबर उतरवलंच आहे तर ठोकळा आणि गोल डोक्याचा हातोडा घेऊन प्रत्येक भोक सपाट करा. कंटाळवाणं काम आहे. रविवारी दुपारी जेवणाआधी संपवायचंय असं म्हणणाऱ्यानं ते सुरूच करू नये.

ब्रीदर न बघणं

साइड कव्हरवरून निघणारा ब्रीदर पाइप वर्षानुवर्षं काळ्या गाळानं भरत जातो. पिस्टनच्या बाजूनं खाली उतरलेल्या वायूला वाट राहिली नाही की तो ऑइलला जिथे फट सापडेल तिथून ढकलतो. मागचे उलटे आटे तर आत दाब असताना काही करूच शकत नाहीत. पाइप काढून रॉकेलमध्ये भिजवा, आरपार उजेड दिसेपर्यंत तार फिरवा. ऑइल फिलरच्या झाकणातली जाळीही धुवा. नंतर इंजिन चालू असताना झाकण उघडून बघा. धुराचे भपकारे येत असतील तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मग पॅकिंगवर पैसे घालवू नका.

सिलिकॉन

रील्स बघून आलेली पोरं सिलिकॉनची ट्यूब घेऊनच येतात. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना जाड थर, बाहेर आलेलं बोटानं पुसलं की काम झालं. बाहेर जितकं आलं तितकंच आतही आलेलं असतं, ते कोण पुसणार? एका मार्क 3 चा ऑइलचा दिवा खंबाटकी चढताना लुकलुकायला लागला. मालकानं वायरिंगचा दोष समजून तसंच कोल्हापूर गाठलं. चेंबर उतरवल्यावर पंपाच्या जाळीला निळ्या सिलिकॉनचे धागे आणि गोळे चिकटलेले, बिग-एंड बेअरिंगचा तांबूस थर उघडा पडलेला. चेंबरमधली गळती मात्र थांबली होती, हे खरं.

मी कॉर्कला ग्रीसचा पातळ हात देतो, बस. चेंबर आणि बेअरिंग कॅपच्या कोपऱ्यात जिथे दोन पॅकिंगं भेटतात, तिथे मात्र मटारएवढा सिलिकॉनचा ठिपका चालतो.

बाकी थोडक्यात.

दुकानात पडून आखडलेलं कॉर्क बसत नसेल तर ओढू नका, कोमट पाण्यात भिजवा, मापाला येतं.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर लाल तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो. तेवढाही आळस असेल तर नवीन घ्या.

टायमिंग कव्हर (इंजिनाच्या पुढच्या तोंडावरचं, टायमिंग चेन झाकणारं) आधी ढिलं लावा, पुली घालून सील मध्यावर आणा, मगच बोल्ट आवळा.

"लीक स्टॉप" बाटल्या रबर फुगवतात. कॉर्कला आणि मागच्या आट्यांना त्या काय फुगवणार?

पातळ सिंथेटिक ऑइल या इंजिनात घालून तक्रार करू नका, 20डब्ल्यू-50 घाला. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे तर अजिबात नको.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. स्टँड लावा.

आणि सगळं करून, धुऊन, पावडर मारून झाल्यावरही फक्त बेलहाउसिंगमधूनच येत असेल, तर गाडी नाक वर करून चढावर उभी राहते का ते बघा. इंजिन बंद असताना उलटे आटे काही ढकलत नाहीत, आणि चढावर सगळं ऑइल मागे येतं. सपाटीवर लावूनही रात्रीत पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब पडले तर पडू द्यावेत. क्लच घसरायला लागला, किंवा आठवड्याला पाव लिटर वरून घालावं लागलं, तर गिअरबॉक्स उतरवायचं बोला. तेव्हा मेन बेअरिंगचंही माप घ्यायला सांगा, आणि काढलेले जुने पार्ट घरी घेऊन या.