शहरातल्या मिश्र मंडळीने वस्तीत काम कसं उभं करावं

छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर या शहरांतल्या रविवारच्या उपासनेला आता एका गावची, एका समाजाची मंडळी, म्हणजे चर्चची सभासद माणसं, उरलेली नाही. खेड्यातून आलेली मराठी कुटुंबं, बांधकामावरचे तेलुगू मजूर, दवाखान्यांत काम करणाऱ्या केरळच्या नर्सेस, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत आलेले झारखंड-छत्तीसगडचे तरुण, सगळे एका छपराखाली असतात. अशा मंडळीला वस्तीसाठी काही करायचं असतं आणि सुरुवात बहुतेक वेळा ब्लँकेटवाटपाने होते. दोन-तीन वाटपं झाली की पैसे संपतात, कार्यकर्ते थकतात आणि वस्तीला मंडळी म्हणजे वाटणारे लोक एवढंच कळतं. म्हणून क्रम असा लावावा: आधी आपली पंगत, मग वस्तीचं ऐकणं, मग एकच काम, तेही निदान दोन वर्षं.

आधी पंगत

सलग चार रविवार दोघांनी शांतपणे नोंद ठेवावी. पुढच्या बाकांवर कोण बसतं, शास्त्रवाचन कोण करतं, दानार्पणाची थैली कुणाच्या हातात असते, कमिटीत कोण आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रीतिभोजनाच्या दिवशी चुलीपाशी कोण, वाढायला कोण, भांडी घासायला कोण. ही शेवटची यादी बहुतेक मंडळ्यांना अस्वस्थ करते. पुरीभाजी करणाऱ्या एका गल्लीतल्या बायका आणि नळाखाली पातेली घासणाऱ्या कायम दुसऱ्या गल्लीतल्या, असं चित्र असेल तर बाहेर न्यायाविषयी बोलण्याआधी ते बदलावं. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय याच प्रश्नावर आहे.

उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा भोजन ठेवा आणि कामाच्या चिठ्ठ्या काढा. चार डब्यांत चार कामं: शिजवणं, वाढणं, भांडी, झाडलोट. प्रत्येक चिठ्ठी एका घराची नसून दोन वेगवेगळ्या भाषांच्या किंवा गल्ल्यांच्या घरांची जोडी असावी. पुरुषांची नावंही डब्यात टाका, नाहीतर चिठ्ठ्या फक्त बायकांमध्येच फिरतात. 100 माणसांच्या मूगडाळ खिचडीला 9 किलो तांदूळ, 3 किलो डाळ, दीड लिटर तेल आणि साधारण 5 किलो कांदा-बटाटा पुरतो. लहान मुलं जास्त असतील तर तांदूळ 8 किलोवर आणा. सुरुवातीचे काही महिने शाकाहारीच ठेवा, म्हणजे कुणी काय खातं यावर वेगळी पंगत बसत नाही. सगळ्यांना सतरंजी, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची. पाळकसाहेबांचं ताट आत, वेगळ्या खोलीत लावू नका, ते पंगतीतच बसू द्या.

यात अडचण हमखास येते ती तिसऱ्या महिन्यात: चिठ्ठी निघालेलं घर "आमच्याकडून डबा पाठवतो" म्हणतं आणि येत नाही. रागावू नये, पण डबाही घेऊ नये. त्या जोडीची पाळी पुढच्या महिन्यात टाका.

भाषेचं गणितही याच टप्प्यावर सोडवा. वाक्यागणिक भाषांतर केलं की 20 मिनिटांचा संदेश 40 मिनिटांचा होतो आणि दोन्ही भाषांचे लोक कंटाळतात. संदेश मराठीत ठेवून हिंदी आणि तेलुगूत अर्ध्या पानाचा सारांश दारातच द्यावा, वाचन दर रविवारी दोन भाषांत व्हावं, आणि प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत करावी. दुसऱ्या भाषेचं भजन आधी दोन रविवार ढोलकी-पेटीवर शिकवा. कागद हातात देऊन पहिल्याच दिवशी म्हणायला लावलं तर फक्त त्याच भाषेचे लोक म्हणतात.

समेट म्हणण्याआधी इतिहास

मराठवाड्यात समेट हा शब्द वापरणाऱ्याला तीन-चार गोष्टी ठाऊक हव्यात. नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली, तीत आलेली बहुतेक कुटुंबं मांग-महार समाजातली होती. म्हणजे इथल्या मंडळीचा पाया जातीच्या जखमेवरच घातलेला आहे. 17 सप्टेंबर 1948, भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर निजामाचं हैदराबाद संस्थान शरण आलं तो दिवस, आपल्यासाठी मुक्तिसंग्राम दिन. शेजारच्या मुस्लिम घरातल्या आजोबांना पोलीस अ‍ॅक्शनच्या त्याच दिवसांत गमावलेली माणसं आठवत असतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै 1978 मध्ये झाला, त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. हे तरुण संघाच्या बैठकीत एकेक संध्याकाळ घेऊन बोलावं. वक्ता बाहेरून आणण्याची गरज नाही. ज्यांनी पाहिलं आहे अशा वडीलधाऱ्यांना बोलू द्यावं आणि मध्ये कुणी प्रश्न विचारून खोडू नये.

वस्तीचं ऐकणं: सहा आठवडे, चाळीस घरं

चर्चच्या भिंतीपासून पायी दहा मिनिटांच्या आतली 40 घरं निवडा. दोघांची जोडी, एक बाई आणि एक पुरुष, शक्यतो वेगळ्या पार्श्वभूमीचे. आठवड्याला सात घरं पुरेत. संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ बरी, पण पाण्याचा दिवस असेल तर जाऊच नका, त्या दिवशी कुणाला बसायला वेळ नसतो. ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर हे काम मे ते सप्टेंबरमध्ये उरका. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कारखान्यावर जातात ती मार्च-एप्रिललाच परततात, आणि मधल्या काळात ऐकलं तर त्यांचा आवाज यादीत येतच नाही.

प्रश्न तीनच. या गल्लीत काय चांगलं आहे? सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा कशात जातो? हे बदलायला इथे कुणी आधी धडपड केली होती का? पहिला प्रश्न गाळू नका. तक्रारींनीच सुरुवात केली की लोक काहीतरी मिळेल या हिशेबाने बोलतात. तिसऱ्या प्रश्नातून खरी माणसं सापडतात: बचत गटाची ताई, मशिदीच्या कमिटीतले चाचा, बुद्धविहाराचे कार्यकर्ते. घरात बसून लिहू नका, बाहेर आल्यावर लगेच लिहा. धर्म-जातीचा रकाना ठेवू नका आणि प्रार्थना करू का असं आपणहून विचारू नका. त्यांनी म्हटलं तर करावी.

सहा आठवड्यांनी यादी चौकात वाचून दाखवा, चर्चच्या हॉलमध्ये नाही. हॉलमध्ये आपण यजमान होतो आणि ते पाहुणे.

कागदपत्रांची मदत

बहुतेक वस्त्यांत पहिली तीन दुखणी पाणी, गटार आणि कागदपत्रं असतात. कागदपत्रांचं टेबल सुरू करायला सर्वांत स्वस्त: एक टेबल, दोन माणसं, एक प्रिंटर, एक जाड रजिस्टर, आठवड्यातून दोन संध्याकाळी. पण चुका इथेच जास्त होतात.

सगळ्यात मोठी अडचण नावाची असते. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला योहान, शाळेच्या टीसीवर जॉन, रेशन कार्डावर जनार्दन आणि आधारवर इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग, असा एकच माणूस समोर बसलेला असतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून केंद्रावर पळवण्याआधी चारही कागद टेबलावर ओळीने मांडा, कोणतं नाव कायम ठेवायचं ते घरच्यांनी ठरवू द्या, टीसीशी ते जुळतं का पाहा, गरज असेल तर आधी राजपत्रात नावबदल करा आणि मगच आधारला हात लावा. उलट क्रमाने केलं तर एक संधी वाया जाते.

बांधकाम मजुरांच्या सरकारी कल्याण मंडळात नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या मजुराचा ठेकेदार दर आठवड्याला बदलतो, म्हणून त्याला छोटी वही द्या आणि रोज तारीख, साइट, ठेकेदाराचं नाव आणि सही घ्यायची सवय लावा. नूतनीकरणाची तारीख रजिस्टरला लाल पेनने लिहा. नोंदणी झाली, पण नूतनीकरण राहून गेलं, हे फार वेळा घडतं. रेशनमध्ये प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदयला कार्डामागे 35 किलो धान्य आहे. हे आकडे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा.

जातीच्या दाखल्याबद्दल स्वयंसेवकाने तोंडी सल्ला देऊ नये. 1950च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आलेले नाहीत. हा अन्याय आहे असं आम्ही मानतो. पण "फॉर्मवर काहीही लिहून टाका" असं सांगणं त्या पोराच्या नोकरीशी खेळणं आहे, कारण पडताळणीत दाखला रद्द झाला की सगळंच जातं. अशा माणसाला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, अपंग यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

टेबलावर धर्मप्रचाराच्या पत्रिका ठेवू नका, उपासनेला येण्याची अट तर कधीच घालू नका. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागितली की दोन्हींची किंमत जाते. आधारच्या झेरॉक्स कुणाच्या मोबाइलवर किंवा ग्रुपवर जाता कामा नयेत. काम झालं की कागद परत.

समेटाची बैठक

भाऊबंदकी, उसनवारी, भिंतीचा वाद, मंडळीतला रुसवा यांसाठी बैठक चालते. आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटा, प्रत्येकी पाऊण तास. एकत्र बैठक कुणाच्याही घरी नको, पाळकांच्या घरी तर नकोच. मध्यस्थ दोन असावेत, त्यांतली एक बाई. ज्याला दुखावलं गेलं तो आधी बोलेल आणि दुसऱ्याने उत्तर देण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. ही एक अट पाळली तरी आवाज निम्म्यावर येतो. "ख्रिस्ताने क्षमा केली, तुम्हीही करा" हे वाक्य मध्यस्थाने उच्चारू नये. ते नेहमी दुबळ्या बाजूलाच ऐकवलं जातं. शेवटी कागदावर तीनच ओळी: काय भरून द्यायचं, कधीपर्यंत, कोण बघणार. महिन्याने पुन्हा बसा.

आणि काही प्रकरणांत बैठक बसवायचीच नाही. नवऱ्याची मारहाण: 181 किंवा 112. लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार: पोलिसांत कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि 1098. जातीवरून मारहाण किंवा अपमान: 14566, आणि आधी गुन्हा नोंद. पोलीस ठाणे हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवायची फिर्याद, मागावी, एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. अशा वेळी "आपसात मिटवा" म्हणणारी मंडळी गुन्हेगाराच्या बाजूला उभी असते, तिचा हेतू कितीही चांगला असो.

नळ भिंतीच्या बाहेर

यादीत पाणी वर आलं तर चर्चचं छत कामाला येतं. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 200 चौरस मीटरचं छत, वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 1,12,000 लिटर हाती येतं, म्हणजे 5,000 लिटरचे बावीस टँकर. ते एकदम साठवता येत नाही. 10,000 लिटरची टाकी बसवा आणि ओसंडणारं पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडा: तळाला मोठे दगड, वर खडी, सगळ्यात वर वाळू. सेप्टिक टँकपासून खड्डा निदान 15 मीटर दूर हवा.

मे महिन्यात पन्हळ झाडून घ्या. गुलमोहराची पानं अडकली की पहिल्याच वळवाला पाणी भिंतीवरून उतरतं. उतरत्या पाइपला खाली झाकणाचा तुकडा ठेवून पहिल्या पावसाचं निदान 200 लिटर पाणी बाहेर सोडा, त्यात छताची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. हे पाणी धुण्या-भांड्याला, पिण्याला नाही, आणि तसं नळावर मराठी, हिंदी, उर्दूत लिहा.

नळ कंपाउंडच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून बसवा. आत बसवला की फाटक कुणासाठी उघडायचं हे चौकीदार ठरवतो आणि महिन्याभरात नळ "चर्चवाल्यांचा" होतो. महापालिकेच्या पाइपलाइनचा किंवा गटाराचा अर्ज द्यायचा तर तो वस्तीच्या पंधरा-वीस सह्यांनी द्या, मंडळीच्या लेटरहेडवर नको. प्रभाग कार्यालयात दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. महिन्याने हालचाल नसेल तर 10 रुपये फी भरून माहिती अधिकाराचा अर्ज: "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्यावी." उत्तराची मुदत 30 दिवस, नंतर पहिलं अपील.

पैशाचा हिशेब मंडळीच्या खात्यात मिसळू नका. वेगळं पासबुक, तिघांपैकी दोघांच्या सह्या, दर महिन्याचा जमाखर्च फाटकाच्या फळ्यावर. ट्रस्टच्या घटनेत समाजकार्याचा उद्देश नोंदलेला आहे का हे आधीच बघा. नसेल तर धर्मादाय कार्यालयात बदल मंजूर करून घ्यायला वेळ लागतो, ते काम पहिल्याच महिन्यात लावा.

दोन वर्षांनी नळाची किल्ली, रजिस्टर आणि अर्जांची फाइल वस्तीच्या कमिटीकडे द्या. कमिटीत मंडळीचा एकच माणूस असावा आणि तो अध्यक्ष नसावा. पन्हळ झाडण्याचं काम तेवढं मंडळीने आपल्याकडे ठेवावं, कारण छत आपलं आहे.