रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर शिकताना ट्रेनिंग गिअर कसा वापरावा

नवशिक्याच्या हेलिकॉप्टरला सर्वाधिक धोका जमीन सुटण्याच्या आणि पुन्हा टेकण्याच्या क्षणी असतो. यंत्र अर्धवट हलके झालेले असते आणि त्याचे वजन ना पूर्णपणे पात्यांवर असते, ना स्किडवर, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या खालच्या नळ्यांवर. अशा वेळी ते किंचित बाजूला सरकले आणि एक स्किड गवतात किंवा फरशीच्या खाचेत अडकला, तर सगळे यंत्र त्या स्किडभोवती कलू लागते. रोटरचा जोरही मग तिरका होऊन त्याला आणखी कलंडवतो. घाबरून थ्रॉटल वाढवला, तर पाती जमिनीवर आपटलीच म्हणून समजावे. ट्रेनिंग गिअर आहे तो नेमका या प्रसंगासाठी. टेकण्याची जागा रुंद करून तो यंत्राला उलटण्याऐवजी सरकू देतो. हेलिकॉप्टर स्थिर ठेवण्याचे काम तो करत नाही. ते हातांनाच शिकावे लागते.

हा गिअर म्हणजे कार्बन किंवा फायबरग्लासच्या चार बारीक दांड्या, त्यांना फुलीच्या आकारात धरणारा मधला सांधा आणि टोकांना बसवलेले प्लॅस्टिकचे पोकळ चेंडू. समोरासमोरच्या टोकांमधले अंतर साधारण मुख्य रोटरच्या व्यासाइतके असावे. ते फार कमी असेल तर संरक्षण अपुरे पडते. दांड्या प्रमाणाबाहेर लांब असतील तर त्या लवचिक होऊन झोके घेऊ लागतात आणि यंत्राचा प्रतिसाद सुस्तावतो. बसवताना फुलीच्या दोन दांड्या पुढच्या कोपऱ्यांकडे आणि दोन मागच्या कोपऱ्यांकडे याव्यात, म्हणजे टेल बूम (शेपटीची लांब नळी) मागच्या दोन दांड्यांच्या मधोमध राहतो आणि शेपटीचा रोटर जमिनीपासून दूर राहतो.

बांधण्यासाठी झिप टाय वापरावेत आणि ते स्किडच्या उभ्या आधारांना अगदी लागून आवळावेत. आडव्या नळीच्या मधल्या भागात बांधलेला टाय चारदोन हादऱ्यांनंतर घसरू लागतो आणि फुली तिरकी होते. टायचे उरलेले शेपूट मुळापासून कापावे. बॅटरीच्या वायरी किंवा रिसीव्हरची अँटेना दांडीखाली दबलेली नाही, हे बोट फिरवून पाहावे. चेंडूंकडेही लक्ष असावे. काँक्रीटवर घासून त्यांची खालची बाजू सपाट होते, त्या सपाट भागाची कड पुढे जमिनीला अडकू लागते, आणि ज्या अडकण्यापासून वाचायचे तेच पुन्हा सुरू होते. असा चेंडू थोडा फिरवून बसवावा किंवा बदलावा.

गिअर बसवल्यावर यंत्राचा तोल पुन्हा तपासणे आवश्यक आहे. बॅटरी जागेवर बसवून, पण मोटारीपासून सोडवून, हेलिकॉप्टर रोटरच्या डोक्याला धरून अलगद उचलावे. टेल बूम जवळजवळ आडवा राहिला पाहिजे. नाक किंवा शेपूट खाली झुकत असेल, तर आधी गिअर पुढे-मागे सरकवावा आणि तेवढ्याने भागले नाही तर बॅटरी हलवावी. तिरका तोल हातातल्या ट्रान्समीटरवरच्या ट्रिमने (बारीक दुरुस्तीच्या बटणांनी) झाकून टाकण्याची सवय लावून घेऊ नये, कारण गिअर काढला की ते सगळे ट्रिम चुकीचे ठरते.

मॉडेल कलेक्टिव्ह पिचचे, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकत्र बदलणारे, असेल, तर ट्रान्समीटरमध्ये शिकण्यासाठी वेगळी मांडणी ठेवावी, ज्यात स्टिक पूर्ण खाली असताना पात्यांचा कोन शून्याच्या थोडाच खाली जाईल. कोन खोलवर ऋण असेल, तर घाबरून खाली ओढलेली स्टिक यंत्राला जमिनीत दाबते, आणि त्या धक्क्याने पाती लवून टेल बूमवर आपटू शकतात. मोटार तत्काळ बंद करणारा थ्रॉटल होल्डचा स्विच न बघता बोटाला सापडला पाहिजे. ७० सेंटिमीटर व्यासाचा रोटर मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी सुमारे ३३० किलोमीटर वेगाने जात असते. त्यामुळे या आकाराच्या मॉडेलपासून किमान ५ ते ६ मीटर मागे उभे राहावे, चष्मा लावावा आणि आसपास कोणालाही थांबू देऊ नये.

जागा गुळगुळीत आणि सपाट हवी, वारा जवळजवळ नसावा. उंच गवत मऊ दिसते म्हणून ते सुरक्षित वाटते, पण चेंडू त्यातच रुततात. गिअरचा सगळा उपयोग सरकण्यात आहे, आणि गवत सरकू देत नाही.

पहिल्या सरावाची जुनी पद्धत अशी आहे की, थ्रॉटल हळूहळू वाढवून यंत्र हलके करावे आणि न उचलता जमिनीवरच पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवावे. फ्लायबार (रोटरला स्थिर ठेवणारा, वजने लावलेला आडवा दांडा) असलेल्या मॉडेलसाठी ती उत्तम आहे. फ्लायबारलेस मॉडेलसाठी मात्र ती टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा मॉडेलमध्ये फ्लायबारऐवजी असलेला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक स्टिकच्या हुकमाप्रमाणे यंत्र वळले की नाही हे मोजत असतो. जमिनीवर टेकलेले यंत्र वळत नाही, म्हणून नियंत्रक स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) अधिकाधिक कलवत जातो, आणि जमीन सुटताच तो साठलेला कल एकदम उसळतो. शेपटीची दिशा कायम राखणारा हेडिंग होल्ड जायरो असेल, तर जमिनीवर रडरची, म्हणजे शेपूट वळवणारी, स्टिक हलवल्यास शेपटीचेही असेच होते. म्हणून फ्लायबारलेस यंत्रात रोटर पूर्ण वेगात आल्यावर सायक्लिक (यंत्र पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवणारी स्टिक) आणि रडर मध्यभागी ठेवावेत, स्वॉशप्लेट सपाट आहे हे पाहावे, आणि रेंगाळत न बसता ठाम हाताने यंत्र उचलावे.

उचलताना एक कल अपेक्षित धरावा. वरून पाहता मुख्य रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, आणि बहुतेक मॉडेलमध्ये तो तसाच फिरतो, तर शेपटीचा रोटर सगळ्या यंत्राला डावीकडे ढकलतो. जमीन सुटता सुटता सायक्लिक जरासे उजवीकडे द्यावे लागते. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी तरंगताना, यंत्र किंचित उजवीकडे झुकलेले दिसले, तर तो दोष समजू नये.

आता उंचीविषयी. गिअर लावलेला नवशिका सहसा वीतभर उंचीवरच राहू पाहतो, आणि नेमकी तिथेच हवा सर्वांत अवघड असते. पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर आदळून परत फिरते आणि यंत्र चहूकडे भरकटते. साधारण एका रोटर-व्यासाइतकी उंची गाठली की ही गडबड बरीच शमते. सुरुवातीच्या लहान उड्या आवश्यक आहेत, पण खाली उतरणे हाताला जमले की कमरेच्या उंचीपर्यंत जावे. शेपूट आपल्याकडे ठेवावी आणि नजर मात्र नाकावर असावी, कारण रडरची दिशा नाकावरून ठरते. शेपूट आपल्याकडे ठेवून हॉवर सवयीचा झाला की दोन्ही बाजूंना थोडे थोडे वळवून सराव करावा. नाक आपल्याकडे करण्याची घाई नको.

गिअर लावून वेगाने पुढे उडवणे किंवा कसरती करणे वर्ज्य समजावे. लांब दांड्यांच्या टोकांना असलेले वजन यंत्राचे वळणे मंदावते, आणि उशिरा सुरू झालेले वळण उशिराच थांबते.

याच कारणाने गिअर गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये. यंत्र ठरवलेल्या जागी, आडवे न सरकता उतरू लागले आणि चारही चेंडू जवळजवळ एकाच वेळी टेकू लागले, की तो काढण्याची वेळ आली. हवे तर आधी दांड्या आखूड करून काही उड्डाणे करावीत. काढल्यावर यंत्र हलके आणि बरेच चपळ होते, पूर्वीपेक्षा कमी थ्रॉटलवर उचलते. म्हणून तोल नव्याने तपासावा, सायक्लिकचा प्रतिसाद ट्रान्समीटरमधून थोडा सौम्य करावा आणि पहिले उड्डाण शांत हवेत, त्याच गुळगुळीत जागेवर करावे. झिप टाय जिथे आवळले होते तिथे स्किडच्या नळीवर चिरा पडलेल्या नाहीत ना, हे त्याआधी नखाने चाचपून पाहावे.