पर्गोला की पक्कं शेड? नाशिकमध्ये घर बांधताय तर या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोटो बघून ठरवणं. पर्गोला म्हणजे खांबांवर अंतर सोडून पट्ट्या टाकलेला उघडा मांडव, इंटरनेटवरचे त्याचे फोटो बहुतेक थंड देशातले असतात, तिथे सूर्य कायम दक्षिणेला कललेला. आपलं नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत उभ्या पट्ट्या कितीही खोल केल्या तरी सावली पट्टीच्या जाडीएवढीच पडणार. २ इंची पट्टी आणि मध्ये ६ इंच गॅप असेल तर तीन चतुर्थांश ऊन थेट अंगावर. आणि मग लोक म्हणतात पर्गोल्याचा काही उपयोग नाही! उपयोग आहे, पण पट्ट्या तिरप्या लावायला हव्यात किंवा मार्चमध्ये वरून ७५ टक्क्यांची शेडनेट ताणून पावसाळ्याआधी काढून ठेवायची, आपल्याकडे शेडनेट मिळायला काही अडचण नाही.

म्हणून आधी एवढंच ठरवा की तुम्ही बाहेर बसणार कधी. थंडीत सकाळी कोवळ्या उन्हात चहा घ्यायचा असेल तर पर्गोलाच करा, पक्क्या छताखाली डिसेंबरमध्ये नुसतं गारठून जाल. पण जून ते सप्टेंबर कपडे वाळत घालायचे, झोपाळा ठेवायचा, पाहुणे बसवायचे तर पत्रा किंवा कौलाचं शेडच लागतं. माझं स्पष्ट मत असं की जागा असेल तर घराला लागून पडवीसारखं पक्कं छत आणि पुढे बागेत मोकळा पर्गोला, दोन्ही कामं एकाच छताकडून करून घ्यायचा हट्ट नको.

तो हट्ट कसा अंगाशी येतो ते सांगतो. आधी पर्गोला होतो, एकदम लेव्हलमध्ये. पहिल्या पावसात सोफा भिजतो, मग फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून त्याच सपाट पाइपांवर पॉलिकार्बोनेटची (टणक प्लास्टिकची) शीट ठोकली जाते, पाणी साचतं, शेवाळ धरतं, स्क्रूच्या भोकातून ठिबकायला लागतं आणि वर्षाला सिलिकॉन भरत बसावं लागतं. सिलिकॉनने हे सुटत नाही, उतारच द्यायला पाहिजे. १० फुटाला निदान १०-११ इंच उतार मिळेल असे एका बाजूला तुकडे वेल्ड करून पाइप उचलून घ्या आणि शीटची भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडून वॉशर लावा, कारण पॉलिकार्बोनेट उन्हात वाढतं, भोक टाइट असलं की तिथूनच तडकतं. यूव्ही कोटिंगची (उन्हापासून शीट वाचवणाऱ्या थराची) बाजू वरच आली पाहिजे, ती उलटी लागली तर शीट लवकर पिवळी पडते. भिंत आणि शेडच्या सांध्याला पत्र्याची पट्टी भिंतीत खाच मारून घुसवून घ्या, नुसती वरून चिकटवलेली टिकत नाही.

पश्चिमेच्या बाजूचं मात्र वेगळं आहे. चार-साडेचारनंतरचं ऊन छताखालून आडवं येतं, पावसाची झडही बहुतेक तिकडूनच, त्यामुळे तिथे पर्गोला करा नाहीतर शेड, बाजूला बांबूची चिक किंवा वेल चढवलेली जाळी लागणारच.

वेल म्हटलं की नाशिककर आधी द्राक्षाचा विचार करतो, पण सावलीसाठी द्राक्ष लावू नका. घड हवे तर एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे वेल मागे कापून घेणं, करावी लागते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात मांडव उघडा, शिवाय भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी फवारण्या, त्या काय आपण चहा पितो तिथे करायच्या? मधुमालती लावा, कृष्णकमळ लावा.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे पातळ फायबर शीटवर पैसे वाचवू नका. साधा पत्राही दुपारी भट्टीसारखा तापतो आणि पावसात खाली बोलणं ऐकू येत नाही, बजेट असेल तर पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) घ्या.

गच्चीवर करत असाल तर स्लॅबमध्ये अँकर बोल्ट ठोकू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फुटून खालच्या खोलीत ओल येते. त्याऐवजी छोटे काँक्रीटचे पेडेस्टल (चौथरे) करून घ्या, बेस प्लेट त्यावर बसवा आणि पेडेस्टलसकट वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घ्या. कंपाउंडच्या मार्जिनमध्ये, म्हणजे घर आणि कंपाउंडमधल्या मोकळ्या सोडलेल्या जागेत, छत टाकायचं असेल तर पाइप आणण्याआधीच आर्किटेक्टमार्फत महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या, कारण पक्कं छत झालं की ते बांधकामात धरलं जाऊ शकतं.